अर्धवट राहिलेल्याची किंमत



आजचा पाठ : गीता, अध्याय 6, श्लोक 37 ते 45.

मागचे दोन दिवस आपण मनाच्या चंचलपणाचे श्लोक वाचले. मन वाऱ्यासारखं आहे, मुठीत सापडत नाही, ही अर्जुनाची तक्रार. अभ्यास आणि वैराग्य, हे भगवंतांचं उत्तर. आपल्यातले बरेच जण इथे मान डोलावतात आणि पुढे जातात. अर्जुन मात्र तिथेच थांबतो आणि एक फार व्यवहारी प्रश्न विचारतो. समजा, एखाद्याने श्रद्धेने सुरुवात केली, पण मधेच त्याचा नेट संपला. मुक्कामाला तो पोचलाच नाही. मग त्याचं काय? इकडचं सोडलेलं, तिकडचं मिळालेलं नाही. वाऱ्याने फाटलेला ढगाचा तुकडा जसा विरून जातो, तसा तोही वाया जातो का?

हा प्रश्न ऐकल्यावर मला नेहमी वाटतं की अर्जुन आपल्याच पिढीचा असावा. अर्धं राहिलेलं ज्ञानेश्वरीचं पारायण, चौथ्या आठवड्यात सुटलेला योगाचा क्लास, तबल्याच्या तीन परीक्षा आणि मग काहीच नाही. प्रत्येकाच्या घरात एखादं कपाट अशा अर्धवट गोष्टींचं असतं. आमच्या मामाकडे कपाट नाही, शिवाजी उद्यमनगरात एक शेड आहे. त्यात एक गाडी आहे, म्हणजे होती. आजचे श्लोक मला कळले तेवढे त्या गाडीमुळे कळले, म्हणून आज तिच्याबद्दल.

गाडी

ती स्टँडर्ड हेराल्ड होती, दोन दारांची. इंग्लंडच्या ट्रायम्फने हेराल्ड 1959 साली आणली, तिचं डिझाईन इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉट्टींचं. 1961 पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स तिची भारतीय बहीण बनवायला लागली. इंजिन 948 सीसी, म्हणजे आजच्या छोट्या हॅचबॅकएवढंसुद्धा नाही. पण घराणं मात्र स्पोर्ट्स कारचं. ट्रायम्फची प्रसिद्ध स्पिटफायर 1962 मध्ये आली ती हेराल्डचीच चॅसी आखूड करून. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, त्यात हेराल्डही पळवल्या जायच्या.

या गाडीची एक गंमत आहे. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांची बॉडी एकसंध असायची. हेराल्डची तशी नाही. खाली वेगळी चॅसी आणि वर बोल्टने जोडलेले बॉडीचे तुकडे. बॉनेट तर मडगार्डांसकट अख्खं पुढे उघडतं. त्यामुळे ही गाडी उलगडायला फार सोपी. एका दिवाळीच्या सुट्टीत मामाने ती पूर्ण उलगडली. जोडायला मात्र नऊ वर्षं पुरली नाहीत.

जुन्या गाडीचं काम ज्यांनी केलंय त्यांना हे माहीत असतं. पहिले तीन महिने उत्साहाचे. रोज काहीतरी सुटतंय, साफ होतंय, फोटो काढावेत असं घडतंय. मग मधला काळ येतो. दाराखालचा पत्रा कापला की आतला पत्राही गंजलेला निघतो. तो कापला की चॅसीच्या आउटरिगरला भोक दिसतं. आपल्याकडचा पाऊस तर विचारूच नका, एका पावसाळ्यात उघडा पत्रा लालभडक होतो. आणि शेवटचा काळ सगळ्यात वाईट. इंजिन झालं, चॅसी झाली, आता राहिलं काय, तर दारांच्या फटी सारख्या करणं, काचेचं रबर बीडिंग, हँडलच्या आतली एक स्प्रिंग जी कुठेच मिळत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत एक जुना विनोद आहे. प्रोजेक्टच्या पहिल्या नव्वद टक्के कामाला नव्वद टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या दहा टक्के कामाला दुसरा नव्वद टक्के.

मामा त्या दुसऱ्या नव्वद टक्क्यांत अडकला. मागच्या वर्षी आठ महिने त्याने शेडचं कुलूप उघडलं नाही. मग एके दिवशी मला म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला आहेस न्हवं? एकदा हिशेब मांडून दे बघू. काय किंमत हाय तिची?"

तीन आकडे

मी एक्सेल उघडलं. बघता बघता तीन वेगळे आकडे तयार झाले.

पहिला आकडा लागलेल्या खर्चाचा. बिलं, कुरिअर, प्लेटिंग, रिबोअर, नवे पिस्टन, पत्रेकाम, वेल्डिंग. सव्वासात लाखांच्या आसपास. त्यात मामाचे नऊ वर्षांचे रविवार धरलेले नाहीत.

दुसरा आकडा बाजाराचा. बाजाराला तुमच्या खर्चाशी देणंघेणं नसतं. विकत घेणारा उलटीकडून येतो. पूर्ण झालेली गाडी केवढ्याला जाईल, त्यातून राहिलेल्या कामाचा खर्च वजा, आणि त्यातून न दिसणाऱ्या कामाची भीती वजा. ही भीती फार महाग असते. प्रायमर मारलेल्या दाराखाली नवा पत्रा आहे की बोटभर लांबी भरलीय, हे बाहेरच्याला कसं कळणार? खोक्यात ठेवलेले तीनशे नटबोल्ट पूर्ण आहेत का, कोण सांगणार? म्हणून कधी कधी गंजलेली पण जशीच्या तशी उभी असलेली गाडी अर्ध्या दुरुस्त गाडीपेक्षा जास्त भावाला जाते. गंज दिसतो तरी. अर्धवट चांगुलपणा दिसत नाही, त्यावर विश्वासच ठेवावा लागतो.

कागदपत्रांचाही भाव असतो. आरसी बुक, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर एकमेकांशी जुळत नसतील तर ती गाडी कागदावर गाडीच नाही, सुटे भाग आहेत. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20 हजार, पुनर्नोंदणीला 5 हजार, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला ती काढायची नाही. सुदैवाने आजोबांनी आरसी बुक देवघराच्या खालच्या कप्प्यात जपून ठेवलं होतं.

तिसरा आकडा भंगार आणि सुट्या भागांचा. एका जुन्या गाड्यांच्या दलालाने फोनवर दीड लाख सांगितले होते. त्याला फक्त इंजिन, बॉनेट आणि डायल हवे होते, दुसऱ्या एका हेराल्डसाठी. बाकीची चॅसी वजनावर जाणार होती.

मी तिन्ही आकडे मामासमोर ठेवले. त्याने पहिल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "म्हणजे हे सगळं पाण्यात?"

आणि हाच तो अर्जुनाचा प्रश्न. शब्द वेगळे, पण प्रश्न तोच. श्रद्धेने केलेलं, पण तडीस न गेलेलं, ते सगळं पाण्यात?

थकवा नेमका कशाचा

उत्तराकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ, याच अध्यायाच्या 23 व्या श्लोकाकडे. तिथे भगवंत योग कसा करावा हे सांगताना मनासाठी एक विशेषण वापरतात : अनिर्विण्ण. ज्याला वीट आलेला नाही असं. मला हे विशेष वाटतं, की त्यांनी थकलेलं आणि विटलेलं यात फरक केलाय. अंग थकतं, झोपलं की उतरतं. वीट झोपेने जात नाही.

गौडपादाचार्यांनी मांडूक्यावरच्या कारिकांत मनाचा निग्रह कसा असावा हे सांगताना समुद्र उपसण्याचा दृष्टांत दिलाय. दर्भाच्या टोकाने, एकेक थेंब. आणि मधुसूदन सरस्वतींनी गीतेच्या याच 23 व्या श्लोकावर लिहिताना टिटवीची गोष्ट आणलीय. आपण ती लहानपणी ऐकलेली असते. समुद्राने टिटवीची अंडी नेली. ती चोचीने समुद्र उपसायला लागली. सगळे हसले, समजावू लागले, ती थांबेना. शेवटी गरुडापर्यंत वार्ता गेली, गरुड आला आणि समुद्राने घाबरून अंडी परत दिली.

कीर्तनात ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. टिटवीला समुद्र कोरडा करायचाच नव्हता. तिला अंडी हवी होती. अंडी मिळाली त्या क्षणी तिने उपसणं सोडलं. समुद्र तर जवळजवळ भरलेलाच होता! तिचं काम अर्धवट राहिलं असं कुणी म्हणत नाही.

मग मी मामाला विचारलं, तुझी अंडी कुठली होती? म्हणजे हेच शब्द वापरले नाहीत, मार बसला असता. विचारलं, "मामा, हे सुरू कशासाठी केलं होतंस?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आईला एकदा त्या गाडीतून नरसोबाच्या वाडीला न्यायचं होतं.

आजोबा हयात असताना पौर्णिमेला घरचे सगळे हेराल्डमध्ये कोंबून वाडीला जायचे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर अंघोळ, दत्तदर्शन, येताना बासुंदी. आजीच्या तोंडी तो प्रवास कायम असायचा. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आजी गेली. मामाचं शेडकडे जाणं त्यानंतर हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं. आम्ही सगळे समजत होतो की तो कामाने थकला. पत्रा, रंग, न मिळणारी स्प्रिंग, पैसा. तो त्याने थकलाच नव्हता. अंडीच गेली होती. मग समुद्र कशासाठी उपसायचा?

म्हणून वीट आलेल्या माणसाला "लगे रहो" म्हणण्याआधी थांबावं. त्याचं बळ संपलंय की कारण संपलंय, हे आधी बघावं. बळ संपलं असेल तर विश्रांती द्यावी. कारण संपलं असेल तर कितीही विश्रांती दिली तरी तो परत उभा राहणार नाही, आणि त्याला आळशी म्हणणं हा अन्याय होईल.

आणखी एक गोष्ट मामा जाता जाता बोलला. आजी जायच्या वर्षभर आधी त्याने नव्याने बांधलेलं इंजिन स्टँडवर चालवून बघितलं होतं. घरी फोन लावला आणि फोन इंजिनजवळ धरला. आजीने ऐकलं आणि म्हणाली, "हीच की रं ती!"

मला वाटतं, टिटवीला एखादं अंडं मिळालं होतं.

सोडणं दोन प्रकारचं

मग प्रश्न आला सोडण्याचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितलेत. त्यातला राजस त्याग आपल्या रोजच्या ओळखीचा. दुःखद आहे, अंगाला त्रास होतो, म्हणून सोडलं (18.8). भगवंत म्हणतात, अशा त्यागाला त्यागाचं फळ मिळत नाही. सात्त्विक त्यागी वेगळा. तो अवघड कामाचा द्वेष करत नाही आणि आवडत्या कामाला चिकटूनही बसत नाही (18.10).

इथे एक प्रामाणिक शंका घ्यायला हवी. ते श्लोक नियत कर्माबद्दल आहेत, वाट्याला आलेल्या कर्तव्याबद्दल. जुनी गाडी दुरुस्त करणं हे काही नियत कर्म नाही. मामाने ती कुणाच्या आज्ञेने हाती घेतली नव्हती. मग गीता त्याला बांधून ठेवत नाही, तो मोकळा आहे. मी स्वतः याच निष्कर्षावर येऊन थांबलो होतो. छंद होता, संपला, सोड.

पण मामी बोलली आणि निष्कर्ष पुरेसा नाही हे कळलं. ती म्हणाली, "सोडा म्हणजे काय? पेंटरला ॲडव्हान्स दिलाय, त्याने बाकीचं काम थांबवलंय तुमच्यासाठी. शेडचं भाडं दर महिन्याला मी देते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय. तुमचा त्याग होणार, पैसे कोण भरणार?"

मामीने गीता वाचलेली नाही. पण नियत कर्म कुठे आहे हे तिने बरोबर दाखवलं. गाडी पूर्ण करणं हे कर्तव्य नव्हतं. गाडी हाती घेतल्यामुळे जी माणसं तिच्याशी बांधली गेली, त्यांचं देणं हे कर्तव्य होतं. पेंटर, शेडमालक, बायको. छंद आपण मर्जीने धरतो, पण धरल्यावर त्यातून निघालेली देणी मर्जीची राहत नाहीत. गाडी सोडायला मामा मोकळा होता. वाईट रीतीने सोडायला मोकळा नव्हता.

पुढचा हात

आता अर्जुनाला मिळालेलं उत्तर. भगवंत आधी त्याला धीर देतात. "तात" म्हणून हाक मारतात, बाप लेकराला मारतो तशी. भलं करणाऱ्याचं वाईट होत नाही, हे पहिलं आश्वासन (6.40). मग तपशील. अर्धा राहिलेला साधक पुढच्या जन्मी चांगल्या घरात किंवा योग्यांच्या कुळात येतो. तिथे त्याला मागच्या देहातली समज परत मिळते आणि तो तिथून पुढे चालू लागतो (6.43). मागचा अभ्यास त्याला ओढून नेतो.

नीट बघा, भगवंत असं म्हणत नाहीत की अर्धं काम पूर्ण मानलं जाईल. सवलत नाही. अर्धं ते अर्धंच. पण ते शून्यावर जात नाही, कारण पुढची सुरुवात तिथूनच होते. म्हणजे अर्धवट कामाची किंमत त्याच्या मागे किती गेलं यावर नाही. पुढच्याला तिथून किती सुरुवात करता येते, यावर आहे.

साधकाच्या बाबतीत हा सांधा जुळवण्याची जबाबदारी भगवंतांनी स्वतःकडे घेतलीय. गाडीच्या बाबतीत ती आपल्यावर असते.

आपल्या परंपरेत याचं फार सुंदर उदाहरण आहे. नाथमहाराजांचं. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. नकलांमधून नकला होताना शिरलेले चुकीचे पाठ काढून मूळ ओवी जागेवर बसवायची, आणि आपली एकही ओवी त्यात घालायची नाही. स्वतः एवढा मोठा कवी असून हा संयम! आजच्या भाषेत ते रिस्टोरेशनच होतं, आणि नियम तोच : मूळ रूप राखायचं. याच नाथांचं भावार्थ रामायण मात्र त्यांच्या हातून पूर्ण झालं नाही. युद्धकांडात असतानाच 1599 मध्ये त्यांनी देह ठेवला. परंपरा सांगते की उरलेलं रामायण गावबाने पूर्ण केलं. कोण गावबा? पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या वाड्यात येऊन राहिलेला, लोकांनी खुळा ठरवलेला मुलगा. एका हयातीत ज्यांनी दुसऱ्याचं पूर्ण ते जपलं, त्यांचंच अर्धं तिसऱ्याने पुढे नेलं.

आणि आपल्या जिल्ह्यातलंच बघायचं तर राधानगरी. शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. पैशाअभावी 1918 मध्ये काम थांबलं तेव्हा भिंत साधारण 40 फुटांवर होती. महाराज 1922 मध्ये गेले, पूर्ण धरण त्यांनी पाहिलं नाही. राजाराम महाराजांच्या काळात 1939 मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पन्नासच्या दशकात धरण पूर्ण झालं. आज दर पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा मेसेज आला की आपण पंचगंगेची पातळी बघायला लागतो. मधली वीसेक वर्षं ती अर्धी भिंत "वाया गेली" असं कुणाला वाटलंही असेल. पण थांबलेल्या कामावर वीस वर्षांनी पुढचा थर चढवता आला. कारण जेवढं झालं होतं तेवढं पक्कं होतं.

मग काय केलं

आम्ही काही मोठं केलं नाही. सलग अकरा रविवार शेडमध्ये गेलो. नवं काम एकही करायचं नाही, असं मामाला बजावलं होतं. त्याने दोनदा गुपचूप पाना उचललाच.

खोक्यातला प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, वर लेबल : कुठला, किती, कुठे बसतो. जे नाही त्याचीही यादी. नवा पत्रा कुठे घातला, त्याचे वेल्डिंगच्या वेळचे फोटो मामाच्या जुन्या फोनमध्ये होते, ते काढून क्रमाने लावले. कुठे लांबी भरलीय तेही लिहिलं, लपवलं नाही. इंजिन कधी रिबोअर झालं, पिस्टन कुठल्या साइझचे, कुठल्या वर्कशॉपमध्ये. वायरिंगचा नकाशा मामाने हाताने काढला, वहीच्या दोन पानांवर, रंगीत पेनांनी. पेंटरला भेटून त्याचा हिशेब मिटवला. आमच्या कामात अशा वहीला डॉक्युमेंटेशन म्हणतात आणि ते करायचा सगळ्यांना कंटाळा असतो. मामाला कंटाळा आला नाही. तो आठ महिन्यांनी पहिल्यांदा गाडीजवळ बसून हसत होता. ती पूर्ण करायची नाहीये हे ठरल्यावर त्याचा तिच्यावरचा राग गेला होता.

आणि मग एक गोष्ट घडली जी मला आधी सुचायला हवी होती असं नाही, पण बाजाराच्या नियमाने ती बरोबरच होती. बेळगावचा एक गाडीवेडा माणूस आला. त्याने वही वाचली, फोटो बघितले, पिशव्या उघडून मोजल्या. त्याची ती "न दिसणाऱ्या कामाची भीती" निघून गेली. त्याला सुटे भाग नको होते, अख्खी गाडी उभी करायची होती. दोन लाख दहा हजारांना व्यवहार झाला. दलालापेक्षा साठ हजार जास्त, लागलेल्या खर्चाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. पैसे मामीच्या हातात गेले, गुडघ्यासाठी.

सव्वासात लाख परत आले का? नाही. तोटा झाला का? एक्सेलमध्ये झाला. दरवर्षी दसऱ्याला छत्रपती घराण्याची ती भगवी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा हजारो माणसं तिच्याकडे बघतात, तिची किंमत कितीला जाईल हा विचार त्या गर्दीत कुणाच्या मनात येत नाही. काही गोष्टी विकायच्या ठरेपर्यंत त्यांना किंमत नसते, फक्त मोल असतं. आणि विकायच्या ठरल्या की किंमत दुसरा ठरवतो. दोन्ही हिशेब खरे. एकाने दुसरा खोडायचा नाही.

गाडी ट्रकवर चढवताना मामा त्या माणसाला एवढंच म्हणाला, "डाव्या दाराची स्प्रिंग अजून मिळालेली नाही. मिळाली की मला फोन करा."

आजच्यासाठी एवढंच

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या शेडमध्ये काहीतरी उलगडून ठेवलेलं आहे. आज तीन प्रश्न स्वतःला विचारू या.

एक. माझं बळ संपलंय की कारण संपलंय? बळ संपलं असेल तर आठवडाभर विश्रांती, अपराधीपणाशिवाय. कारण संपलं असेल तर ते कधी आणि कशाने संपलं, हे कुणाजवळ तरी बोलून टाका.

दोन. या कामामुळे कुणाकुणाचं देणं माझ्याकडे लागलंय? काम सोडलं तरी ते सुटत नाही. आधी ते फेडायचं.

तीन. उद्या हे दुसऱ्या कुणी हाती घेतलं, किंवा पाच वर्षांनी मीच परत घेतलं, तर त्याला कुठून सुरू करायचं ते कळेल का? नसेल कळणार तर आज लेबल लावायला बसा. पारायण सातव्या अध्यायावर थांबलं असेल तर तिथे खूण घाला. पोथी नुसती मिटून ठेवू नका.

पूर्ण करणं आपल्या हातात असेलच असं नाही. पुढच्या हातासाठी पक्कं करून ठेवणं मात्र असतं. बाकीचं त्याच्यावर सोपवू, ज्याने अर्धवट राहिलेल्या सगळ्यांना जवळ घेऊन सांगितलंय की घाबरू नका.

उद्या श्लोक 46 आणि 47. सहावा अध्याय पूर्ण होईल, आपला वाचून तरी.

श्रीकृष्णार्पणमस्तु. आई अंबाबाई सगळ्यांचं भलं करो.